तीन गाईंचा कालवा

दादाची ओळख करून द्यायची तर सुरुवात कुठून करायची हाच मोठा प्रश्न आहे. दादा स्वतः वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करायचा. कधी आपल्या जन्मापासून, कधी कालव्यापासून, आणि समोर नवा माणूस बसला असेल तर थेट पृथ्वी तयार झाली तिथपासून. शाळा सहावीपर्यंत. "मास्तर मला म्हणाले, तुला शिकवण्यासारखं आता माझ्याकडे काही उरलं नाही," असं तो छाती काढून सांगायचा. मास्तर असं म्हणाले होते, यात खोटं काही नाही. कुठल्या सुरात म्हणाले, ते दादाने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

पण माणूस जीव लावणारा. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. ती दादाने शिकवली. धाकटा आयुष्यभर नाडी उलटी बांधत आला ती त्यामुळेच, पण सुटली कधी नाही. पुढे धाकटा मोठा झाल्यावर दादा त्याला घेऊन कालव्याच्या ऑफिसात गेला आणि बाहेरच्या बाकावर बसला. रोज जायचा, रोज बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला भावाचे गुण सांगायचा. शेवटी तिथल्या साहेबांनी धाकट्याला नोकरी देऊन टाकली. दादा म्हणायचा, साहेब भारावून गेले होते. ऑफिसातले लोक म्हणायचे, साहेबांना तो बाक मोकळा हवा होता. कसंही असो, काम झालं.

तर धाकटा झाला पाटकरी. म्हणजे कालव्यावरचा माणूस. दारं वर-खाली करायची, कुणाच्या शेताला किती पाणी जातंय ते बघायचं, काठाने चालत कुठे भगदाड पडलंय का ते पाहायचं. उन्हाळ्यात हे काम म्हणजे फिरायला गेल्यासारखं. खरी परीक्षा हिवाळ्यात. हिवाळ्यात शेताला पाणी लागत नाही, पण जनावरांना रोज लागतं. म्हणून नुसत्या जनावरांसाठी हिवाळाभर कालवा चालू ठेवायची तिथे पहिल्यापासूनची पद्धत. थंडीत कडेला बर्फाची पातळ साय धरते, वरून शेवाळ आणि फांद्या वाहत येतात, दाराच्या तोंडाशी अडकून बसतात. मग पाटकऱ्याने हातात लांब आकडी घेऊन पाण्यात उतरायचं आणि तो सगळा गुंता ओढून काढायचा. बूट गुडघ्यापर्यंत, पाणी मांडीपर्यंत. बूट कशाला घालायचे हे धाकट्याला कधी कळलं नाही, पण ऑफिसने दिले होते म्हणून तो घालायचा.

"अख्खा कालवा माझ्या भावाच्या एका हातात आहे," दादा सांगायचा. दुसऱ्या हाताने धाकटा गुडघा चोळत असायचा, तिकडे कुणाचं लक्ष जात नसे.

दादाच्या तीन गाई होत्या. घर कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, त्यामुळे गाईंचा पाणवठाही शेवटचा. गाईंबद्दल दादा जे बोलायचा ते लोक आपल्या मुलांबद्दलही बोलत नाहीत. सकाळी तो गोठ्याचं फाटक उघडायचा आणि घरामागे उन्हात खुर्ची टाकून बसायचा. गाई आपल्या आपण पाण्यावर जायच्या, आपल्या आपण परत यायच्या. "दुसऱ्यांच्या गाई हाकाव्या लागतात," तो म्हणायचा, "माझ्या गाईंना फक्त फाटक लागतं."

असं सगळं छान चाललं होतं आणि मग ऑफिसातून इंजिनिअर बाई आल्या.

बाई तरुण होत्या, पण आवाज असा की ओळीत उभं राहावंसं वाटावं. त्यांनी सगळ्या जनावरवाल्यांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की ह्या जमिनीच्या पोटात मीठ आहे. कालवा मातीचा आहे. हिवाळाभर पाणी तळातून मुरतं, ते मीठ विरघळवून घेतं आणि नदीत जाऊन पडतं. खालच्या अंगाला नदी खारट होत चालली आहे. तिकडे झाडं जळतायत, नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतायत.

"चहाच्या गाळणीसारखं समजा," बाई म्हणाल्या. "गाळणीत पावडर आहे. वरून पाणी ओतत राहिलं की खाली रंग उतरतच राहणार."

दादा पहिल्या रांगेत होता. तो कुठेही गेला तरी पहिल्या रांगेत असायचा. तो उठला. "मग गाळणी बदला ना, मॅडम. चहा कशाला बंद करता?"

हॉल हसला. बाईही हसल्या, पण थोडंच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हिवाळ्यात कालवा बंद ठेवायचा. त्याऐवजी विहिरीवर पंप बसवायचा, जमिनीखालून पाइप न्यायचा आणि प्रत्येकाच्या दारात सिमेंटचा हौद बांधून द्यायचा. जनावरांना पाणी मिळेल, मीठ मिठाच्या जागी राहील. अट एकच. जनावरांना पाणी मिळणं हा प्रत्येकाचा जुना हक्क आहे, त्यामुळे सगळ्यांनी हो म्हटलं पाहिजे. एकाने जरी नाही म्हटलं तरी त्याच्यापर्यंत कालवा चालवावा लागेल.

एकेक करून सगळे हो म्हणाले. पंपघरासाठी एक माणूस लागणार होता. ती जागा पाटकऱ्याला, म्हणजे धाकट्याला द्यायचं ठरलं. चार भिंती, एक खुर्ची, कोपऱ्यात शेगडी, आणि दाबायला बटण.

दादाने मान वळवून भावाकडे पाहिलं. धाकटा बुटांकडे बघत होता. ज्याच्या एका हातात अख्खा कालवा, तो आता खुर्चीत बसून बटण दाबणार? भाऊ तोंडाने बोलणार नाही, तो कधीच बोलत नाही, पण आत काय होत असेल त्याचं! बाकावर बसून बसून मिळवलेली नोकरी, ती अशी डोळ्यांदेखत जाऊ द्यायची?

"माझा नकार आहे," दादा म्हणाला.

"तुमची जनावरं किती?" बाईंनी विचारलं.

"तीन गाई."

"तुम्ही टोकाला राहता. म्हणजे तीन गाईंसाठी आम्ही हा सगळा कालवा वरपासून खालपर्यंत भरून वाहता ठेवायचा?"

दादाने जरा विचार केला. "एक गाभण आहे," तो म्हणाला.

झालं. हौद सगळ्यांचे बांधून झाले, दादाचा सोडून. समोरच्या घरातल्या टोपीवाल्याचाही झाला, रस्ता ओलांडला की समोरच. हा टोपीवाला झोपतानाही लोकरी टोपी काढत नाही म्हणतात. थंडी पडली, ऑफिसातला माणूस येऊन-जाऊन पंप चालवू लागला, बाकी सगळ्यांची जनावरं हौदावर जाऊ लागली, आणि कालवा मात्र वाहतच राहिला. कुणासाठी? दादासाठी! राजे-महाराजे झाले असतील मोठमोठे, पण ज्याच्या एकट्यासाठी हिवाळाभर कालवा वाहतो असा माणूस दाखवा एक. दादाची चालच बदलली. दुकानात गेला तरी असा उभा राहायचा, की जणू मागून पाणी येतंय.

"काय दादा, तुमची नदी कशी आहे?" दुकानदार विचारायचा.

"भरून चाललीय," दादा सांगायचा. टोमणा हा प्रकार त्याच्या अंगाला कधी चिकटलाच नाही.

घरात मात्र हवा वेगळी होती. दादाची बायको ताट जरा आपटून ठेवायला लागली होती.

"अहो, पुतणीचा फोन होता," एकदा ती म्हणाली. धाकट्याची मुलगी लग्न होऊन खाली नदीकाठी राहायची, तिथे तिने रोपवाटिका काढली होती. "ह्या वर्षीही निम्मी रोपं गेली म्हणे. पानांच्या कडा जळतात. पाणी खारट."

"खत जास्त टाकत असेल."

"ती रोपं लावते, तुम्ही गप्पा लावता. कुणाला जास्त कळतं?"

"अगं, मी हे तिच्या बापासाठीच करतोय ना! कालवा बंद झाला तर त्याचं काय राहील?"

बायकोने त्याच्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, मग गेली दूध तापवायला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एक कळलं होतं, की दादाला सांगून काही कळत नाही, त्याला दिसावं लागतं.

धाकटा अधूनमधून सकाळी घरी यायचा, शेगडीपाशी बसायचा, पाय पसरायचा. दादा त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "मी आहे तोवर तुझ्या कालव्याला कुणी हात लावणार नाही."

"हो दादा," धाकटा म्हणायचा.

"गुडघा काय म्हणतो?"

"म्हणतो काहीबाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पाण्यात उतरू नका म्हणाले."

"डॉक्टरला काय कळतंय? त्याला म्हणावं, माझ्या भावाच्या अंगातच पाणी आहे."

"सांगतो," धाकटा म्हणायचा, आणि चहा संपवून पुन्हा पाण्यात उतरायला जायचा.

हिवाळा सरत आला तसं बाईंचं पुन्हा येणं झालं. ह्या वेळी त्या उभ्याउभ्याच बोलल्या. ह्या हंगामात टोकाचा प्रश्न सुटला नाही तर ऑफिस कालव्याची ही शाखा योजनेतून वगळणार. कालवा दर हिवाळ्याला चालूच राहील. पंपघराची जागा दुसऱ्या शाखेच्या माणसाला देऊन टाकणार, आणि इथला पाटकरी आहे तिथेच, आहे त्या बुटांत.

दादाला वाटलं, जिंकलो. पण नुसतं जिंकून त्याचं कधी भागायचं नाही, लोकांनी बघितलं पाहिजे. तो म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी पाणवठ्यावर या. सगळ्यांना बोलवा. माझ्या गाई वाहतं पाणी कसं पितात ते तुमच्या डोळ्यांनी बघा. मग ठरवा, असल्या गाईंना सिमेंटच्या डबक्यावर उभं करायचं का."

धाकटा तिथेच होता. "दादा, कशाला लोकांना त्रास..." तो पुटपुटला.

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्यासाठीच चाललंय."

सकाळी पाणवठ्यावर ही गर्दी. टोपीवाला आला, दुकानदार दुकान बंद करून आला, बाई जाड कोट घालून आल्या. धाकटा आकडी घेऊन कालव्याच्या दाराशी उभा होता आणि नेहमीपेक्षा जास्त खाली बघत होता. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने फाटक उघडलं आणि एखाद्या मिरवणुकीला वाट द्यावी तसा बाजूला झाला.

तिन्ही गाई बाहेर आल्या. माणसं बघून जरा थबकल्या. दादाने कालव्याकडे हात केला. पुढच्या गाईने कालव्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि वळली. रस्ता ओलांडला. तिच्या मागे दुसरी, मागे गाभण. टोपीवाल्याचं फाटक नुसतं लोटलेलं होतं, ते पहिलीने नाकाने ढकललं. टोपीवाल्याचा कुत्रा, जो पोस्टमनला अजून आत येऊ देत नाही, तो उठलासुद्धा नाही, फक्त शेपूट बाजूला घेतलं. तिघी हौदावर रांगेने उभ्या राहिल्या आणि प्यायला लागल्या. जमिनीखालून आलेलं कोमट पाणी, त्याच्यावर वाफ दिसत होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"पहिल्यांदाच गेल्या असतील," दादा म्हणाला. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा.

टोपीवाल्याने टोपी सारखी केली. "दादा, हौद बांधून झाला त्या आठवड्यापासून येतायत. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असेल. शेजाऱ्याच्या गाईंना पाण्यावरून काय हाकलायचं?"

दादाने बायकोकडे पाहिलं. ती गोठ्याच्या खांबाकडे बघत होती. त्याने धाकट्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

धाकट्याने आकडी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"अरे तुला विचारतोय!"

"पाणवठ्यावर खुरांचे ठसे नव्हते, दादा. हिवाळाभर नव्हते."

"मग तू रोज पाण्यात कशाला उतरत होतास? कुणासाठी?"

"तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास ना, माझ्या गाई कालव्यावर पितात म्हणून," धाकटा म्हणाला. "मग मी कसं म्हणणार, नाही पीत?"

दादा कालव्याकडे वळला. त्याच्यासमोर कालवा वाहत होता, काठोकाठ, सुंदर, वरच्या धरणापासून इथपर्यंत, आणि त्यातलं एक घोटभर पाणीसुद्धा कुणी पीत नव्हतं. तळातून मुरत होतं आणि मीठ घेऊन पुतणीच्या रोपांकडे निघालं होतं.

"पंपघरात बसायला तुला चालेल?" त्याने विचारलं. हे इतक्या हळू विचारलं की बाईंना ऐकू गेलं नाही.

"दादा, तिथे शेगडी आहे," धाकटा म्हणाला.

आता दुसरा कुणी असता तर मान खाली घालून घरात गेला असता. पण दादा तो दादा. त्याने खोल श्वास घेतला, शर्टाची बाही नीट केली आणि गर्दीकडे वळला.

"बघितलंत ना सगळ्यांनी? माझ्या गाईंनी निर्णय दिलेला आहे. मी म्हटलं होतं, मी सांगितल्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून समोर दाखवलं. मॅडम, माझा होकार आहे. कालवा बंद करा."

बाई भल्या बाई. त्या फक्त म्हणाल्या, "फारच छान दाखवलंत." दुकानदाराने खोकून घेतलं. टोपीवाला म्हणाला, "दादांच्या गाई म्हणजे काय!" आणि ह्या एका वाक्यामुळे दादाने त्याला पुढे आयुष्यभर चांगला माणूस मानलं.

आता इथलं दार बंद करायचं, धरणावरचं मुख्य दार बाई फोन करून बंद करवणार होत्या. धाकटा पुढे झाला तर दादाने त्याला अडवलं. "मी चालू ठेवलाय, मीच बंद करणार." त्याने दाराच्या चाकाला हात घातला. ज्या कालव्याबद्दल तो इतकी वर्षं बोलत आला, त्याच्या चाकाला त्याने त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. लोखंड इतकं गार की हात भाजल्यासारखा झाला. चाक हललं नाही. त्याने पाय रोवले, तोंड लाल केलं, चाक जरा कुरकुरलं. मग धाकट्याने मागून येऊन त्याच्या हातांशेजारी आपले हात ठेवले, तसं ते फिरायला लागलं. दादा हात बघत राहिला. भावाच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत काळं बसलं होतं.

दार खाली आलं आणि मध्येच अडकलं. तोंडाशी फांद्या होत्या. धाकट्याने सवयीने आकडी उचलली आणि उतरायला वाकला, एक हात गुडघ्यावर.

"वर ये," दादा म्हणाला.

"अरे, दोन मिनिटांचं काम आहे."

"वर ये म्हणतोय ना! मोठा मी आहे का तू?"

आणि दादा पाण्यात उतरला. बूट नाही, काही नाही, घरच्या चपलेने, इस्त्रीच्या शर्टासकट. तोंडातून जो आवाज निघाला तो गाईंनीही मान वर करून ऐकला. पाणी मांडीला लागलं तेव्हा त्याचे शब्द संपले, जन्मात पहिल्यांदा. धाकटा वरून सांगत होता, "डावीकडे ओढ, डावीकडे. तसं नाही, आकडी उलटी धर." आणि दादा, जो कुणाचं ऐकत नाही, ऐकत होता. एक चप्पल वाहून गेली. फांदी निघाली. दार खाली बसलं, आणि खालचं पाणी हळूहळू थांबलं, मग उतरायला लागलं, आणि चिखल दिसायला लागला.

दादा नंतर तापाने पडला. पडला म्हणजे काय, उशांना टेकून दरबार भरवून बसला. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, की कालवा त्याने एकट्याने बंद केला, पाणी छातीपर्यंत होतं, आणि आता नदी गोड होणार ती त्याच्यामुळे. पुतणीचा फोन आला. ती म्हणाली, "मोठेबाबा, असं लगेच नाही होत. मुरलेलं मीठ निघायला वर्षं जातील."

"जाऊ देत वर्षं," दादा म्हणाला. "मी कुठे चाललोय?"

अंथरुणातून उठला तसा तो पंपघर बघायला गेला. धाकटा खुर्चीत बसला होता, पाय शेगडीकडे, पायात नुसते मोजे. ऑफिसचे बूट दाराबाहेर उपडे ठेवले होते. पंप आतून घरघरत होता. दादाने भिंती बघितल्या, बटण बघितलं, शेगडीवर हात धरले. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून धाकटा उठायला लागला, तर दादाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"गुडघा काय म्हणतो?"

"गप्प आहे."

"पाय कोरडे राहतात?"

"राहतात."

दादा थोडा वेळ उभाच राहिला. एवढा वेळ तो न बोलता उभा राहिलेला कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे धाकट्यालाच काळजी वाटायला लागली. "काय रे दादा, बरं नाही का वाटत?"

"मला काय झालंय?" दादा म्हणाला. "बटण दाबून दाखव बघू."

धाकट्याने पंप बंद केला आणि बटण दाबून पुन्हा सुरू केला.

"असं नाही," दादा म्हणाला. "सरक."